सुरेखाला चौथं लागलं होतं

एकतीस वर्षं मी दोन आकड्यांमधली फट बुजवायचं काम केलं आणि त्याचा मला दर महिन्याला पगार मिळाला. हुद्दा सांख्यिकी सहायक. लग्नाच्या बाजारात हा हुद्दा फारसा चालला नाही. एका मुलाच्या आईने विचारलं, "म्हणजे बँकेत का?" मी नाही म्हटलं. "मग शाळेत?" तेही नाही म्हटल्यावर तिने पोह्यांची बशी खाली ठेवली आणि पंख्याकडे बघत बसली. मी तिला समजावून सांगायला तयार होते, पण तिला निघायची घाई होती. तर तिला जे सांगायचं राहिलं ते आता दिवाळी अंकाच्या वाचकांना सांगते. अंक विकत घेतला असेल तर मध्येच उठून जाववत नाही.

आमचं ऑफिस घाटकोपरला एका पिठाच्या गिरणीच्या वर होतं. दोन खोल्या, चार टेबलं, एक कॅल्क्युलेटर. कॅल्क्युलेटर साने साहेबांच्या खणात असायचा, कारण उघड्यावर ठेवला की बटणांत पीठ जायचं. ज्यांना पुष्कळ लोकांबद्दल काहीतरी एकदम माहीत करून घ्यायचं असेल असे कारखानदार, शाळा, ट्रस्ट आमच्याकडे यायचे. आम्ही दारोदार जाऊन फॉर्म भरायचो, परत येऊन त्या फॉर्मांचे गट पाडायचो आणि एक तक्ता हातात द्यायचो. शेकडो माणसं एका पानावर मावायला हवीत तर गट पाडावेच लागतात. गट पाडले की आतलं माणूस दिसत नाही, हा या धंद्याचा फायदाही आहे आणि तोटाही.

फट म्हणजे काय ते मला सर्वांत चांगलं शहाशेठनी विचारलं होतं. ते शाळांचे गणवेश शिवून द्यायचे. मुलींच्या उंचीची पाहणी आम्ही त्यांना करून दिली. तक्त्यात गट होते, १४० ते १४४ सेंटिमीटर, मग १४५ ते १४९, असे वर वर. शहाशेठनी चष्मा कपाळावर चढवून तक्ता बघितला आणि म्हणाले, "बेन, एकशे चव्वेचाळीस आणि एकशे पंचेचाळीसच्या मधी जी छोकरी हाय, तिला फ्रॉक कोण देणार?"

प्रश्न बरोबर होता. मी त्यांना टेप दाखवली. टेपवर एकशे चव्वेचाळीसच्या थोडं पुढे आलं तर आम्ही चव्वेचाळीसच लिहितो, निम्म्याच्या पुढे गेलं तर पंचेचाळीस. म्हणजे कागदावर १४० ते १४४ दिसत असलं तरी तो गट खरा सुरू होतो एकशे साडेएकोणचाळीसला आणि संपतो एकशे साडेचव्वेचाळीसला, आणि पुढचा गट तिथूनच सुरू होतो. खालच्या आकड्यातून अर्धा काढायचा, वरच्यात अर्धा घालायचा. याला वर्गाच्या खऱ्या सीमा काढणं म्हणतात. दहावीच्या मुलाला येतं.

"म्हणजे कोणी बाहेर नाय ना राहिला?" शेठनी विचारलं.

"नाही."

"तो मग असं बोलो ना," म्हणाले आणि त्या हिशेबाने कापड कापायला घेतलं. पुढच्या जूनमध्ये तक्रार घेऊन आले. फ्रॉक आखूड पडले होते. पाहणी दिवाळीत झाली होती आणि पोरी तोवर वाढल्या होत्या. साने साहेबांनी त्यांना लेटरहेडवर लिहून दिलं की वाढ ही बाब पाहणीच्या कक्षेत येत नव्हती.

साने साहेब म्हणजे आमचे प्रमुख. किरकोळ अंगाचे, कायम पांढरा शर्ट, त्यामुळे पीठ उडालेलं कळायचं नाही. त्यांचा एकच नियम होता. आकडा कसा आला ते विचारल्याशिवाय सीमा ठरवायची नाही. "परबबाई, अर्धा काढणं-घालणं हे टेपेला ठीक," ते मला पहिल्याच महिन्यात म्हणाले होते. "वयाला चालत नाही. तीन वर्षं अकरा महिन्यांच्या मुलाला आपण तीनच म्हणतो. चार पुरी होईपर्यंत तो तीनच. तिथे सीमा साडेतीनला नाही, थेट चारला." मी मान डोलावली. मला ते पूर्ण समजलं होतं. पुढे जे झालं ते न समजल्यामुळे झालं असतं तर मला इतकं लागलं नसतं.

ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. एका ट्रस्टला लहान मुलांसाठी दूध आणि उकडलेले चणे देणारं केंद्र काढायचं होतं. रोज सकाळी, सहा वर्षांच्या आतल्या मुलांना. दोन वस्त्यांचे अर्ज आले होते, एक घाटकोपरच्या डोंगरावरची, एक मुलुंडला खाणीच्या बाजूची. ट्रस्टला एकच केंद्र झेपणार होतं. जिथे वयाच्या मानाने कमी वजनाची मुलं जास्त, तिथे केंद्र, असं ठरलं. वजन करायचं, वय विचारायचं, ०–१, २–३, ४–५ असे वयाचे गट पाडायचे. प्रत्येक गटाला वजनाची एक रेघ, तिच्या खाली किती मुलं ते मोजायचं. मुलुंड फर्नांडिसकडे गेलं, घाटकोपर माझ्याकडे. फर्नांडिस बोरिवलीचा, माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच दोन बसा बदलून येणारा.

डोंगरावर मला कमल भेटली. तिचा नवरा कापडगिरणीत होता, संपानंतर तो मिळेल ते काम करायचा. ती एका पत्र्याच्या खोलीत बालवाडी चालवायची. बोलायला तिखट. मी पहिल्या दिवशी वजनाचा काटा घेऊन धापा टाकत वर पोचले तर म्हणाली, "पाणी पी आधी. तुझंच वजन कमी होईल, मग तुलाच दूध द्यावं लागेल." तिने खोलीच्या आढ्याला काटा टांगून दिला. त्याला खाली कापडाची झोळी असायची, तिच्यात पोर बसवायचं आणि ते भोकाड पसरून हातपाय झाडायचं थांबेपर्यंत वाट बघायची. एकच मूल रडलं नाही, कमलची मुलगी सुरेखा. ती झोळीत बसून वर काट्याकडे बघायची आणि विचारायची, "किती भरलं?"

"अकरा किलो दोनशे," मी सांगितलं. ती खूश झाली.

"वय?" मी कमलला विचारलं.

"चौथं."

मी चार लिहिलं. तसंच सगळ्या घरांत विचारलं, सगळ्या घरांतून तसंच उत्तर आलं, आणि मी आकडे लिहीत गेले.

घाटकोपर भरघोस फरकाने पुढे आलं. ४–५ च्या गटात तर निम्म्याहून जास्त मुलं रेघेच्या खाली होती, त्यांत सुरेखाही. मी ही बातमी कमलला सांगायला नको होती, नियमात बसत नव्हतं, पण सांगितली. आठ दिवसांनी वर गेले तर बालवाडीला चुना लावलेला, कोणाच्या तरी लग्नातलं मोठं पातेलं मागून आणून कोपऱ्यात पालथं घातलेलं. बायकांनी ग्लासांवर नावं कोरून आणली होती. कमल म्हणाली, "ग्लास कमी नको पडायला. आपल्यामुळे उशीर झाला असं नको व्हायला."

रिपोर्ट सोमवारी जायचा होता. शुक्रवारी दुपारी मी दोन्ही वस्त्यांचे तक्ते शेजारी ठेवून शेवटची नजर टाकत होते. ०–१ च्या गटात मुलुंडला भरपूर मुलं, घाटकोपरला त्याच्या निम्मीच. डोंगरावर तर दर तिसऱ्या घरात झोळी हलत होती, मी स्वतः एकीला मांडीवर घेऊन तिच्या मोठ्या भावाचं वजन केलं होतं. म्हणून मी मूळ फॉर्म काढले. मुलुंडच्या फॉर्मांत शून्य वयाची पुष्कळ मुलं होती. घाटकोपरच्या फॉर्मांत शून्य कुठेच नव्हतं. अख्ख्या डोंगरावर वर्षाच्या आतलं एक मूल नाही.

मांडीवरच्या त्या पोरीचा फॉर्म शोधला. वय एक. अक्षर माझंच. आईने "पहिलं" सांगितलं होतं, मी एक लिहिलं होतं.

माझा बाप गिरणीतून घरी बसलेला. डॉक्टरने वय विचारलं की सांगायचा, "माका अठ्ठावन्नावा लागला." सत्तावन्न पुरी झाली असा त्याचा अर्थ, आणि आमच्या घरात तो कोणाला समजावून सांगावा लागला नाही. आमच्याकडे चालू असलेलं वर्ष सांगतात. डोंगरावरही आमचीच माणसं, रत्नागिरीची, मालवणची. त्यांनी त्यांच्या पद्धतीने बरोबर सांगितलं, मी आमच्या पद्धतीने बरोबर ऐकलं, आणि ते साने साहेबांच्या पद्धतीच्या रकान्यात चुकीचं लिहिलं. मुलुंडला फर्नांडिसने प्रत्येक आईला विचारलं होतं, "कितवा वाढदिवस झाला?" फर्नांडिसच्या घरी वाढदिवस होतात.

म्हणजे कागदावर दोन्हीकडे ४–५ च. पण मुलुंडचा तो गट चार वर्षांपासून सहापर्यंतचा आणि माझा तीनपासून पाचपर्यंतचा. मी माझी पोरं वर्षाने मोठ्या पोरांच्या रेघेशी लावली होती. कमी भरणारच.

मी फर्नांडिसला फॉर्म दाखवले. त्याने दोन मिनिटं बघितले आणि म्हणाला, "वाट लागली."

"काय करू रे?"

"मला नको विचारू. मी सांग म्हटलं तर मुलुंडसाठी बोलतोय असं होईल. गप्प बस म्हटलं तर माझ्या पोरांचं दूध मीच घालवलं असं होईल." मग फॉर्म परत देत म्हणाला, "कोणाला कळणार नाही, परब. हे मात्र खरं आहे."

ते खरं होतं म्हणूनच मला शुक्रवारची रात्र जड गेली. मी साध्वी नाही. मला पातेलं दिसत होतं. पण मुलुंडला फर्नांडिसने वजन केलेली पोरंही होती, त्यांना मी बघितलं नव्हतं एवढाच त्यांचा दोष. शनिवारी सकाळी मी साने साहेबांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "सगळ्यांनी चालू वर्ष सांगितलं असेल तर प्रत्येक सीमा एका वर्षाने खाली येते. काहींनी पूर्ण सांगितलं असेल तर नाही. अंदाजाने सीमा सरकवायची नाही. जाऊन विचारून या."

मला मनातून आशा होती की पुष्कळांनी पूर्ण वर्षं सांगितलेली निघतील.

कमलला मी खोटं सांगितलं नाही. बालवाडीच्या उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं, चूक माझी आहे हेही, आणि घरोघर पुन्हा विचारायला तिने सोबत यावं हेही. ती तांदूळ निवडत होती. निवडत राहिली.

"म्हणजे पोरं एका दिवसात चांगली झाली?"

"कागदावर."

"मग दूध कागदावर पाज," ती म्हणाली. मग तिने सूप आत ठेवलं. "आणि मी आले नाही तर?"

"मी एकटी विचारेन."

"तुला खरं सांगतील होय? चल." तिने पदर खोचला.

वय पक्कं करायची आमच्या धंद्यात एक रीत आहे. वर्ष विचारायचं नाही, आठवण विचारायची. जन्मली तेव्हा संप सुरू झाला होता का? गणपतीआधी की नंतर? शेजारणीचं तेव्हा कोण पोटात होतं? कमलला या प्रश्नांची गरज नव्हती. वस्तीतल्या प्रत्येक बाळंतपणाला ती तरी हजर होती किंवा तिची सासू तरी. ती सांगत गेली, मी खोडत गेले. चारचे तीन, पाचचे चार, एकाचं शून्य. पूर्ण वर्षं सांगितलेलं एकही घर निघालं नाही.

तोवर वस्तीत बातमी आमच्या पुढे गेली होती. हिराबाईच्या दारात पोचलो तर ती तयारच होती. म्हणाली, "आमच्या शकूला पाच पुरी झाली."

मागच्या फॉर्मात चार होते. कमल बोलली. "गप गं हिरे. संप सुरू झाला तेव्हा शकू पोटात होती. ती आणि सुरेखा एका आठवड्यातल्या."

"असं?" हिराबाई माझ्याकडे वळली. "मग सुरेखाचं काय लिहिलंय बाई? वाचा की."

मी फॉर्म काढला. वाचायची गरज नव्हती. "चार," मी म्हटलं.

हिराबाई हाताची घडी घालून कमलकडे बघत होती. सुरेखाचं चार राहिलं तर ती रेघेच्या खाली, तीन झालं तर खालच्या गटात जाऊन जेमतेम रेघेच्या वर. कमलला हे मीच दोन आठवड्यांपूर्वी समजावून सांगितलं होतं, मोठ्या कौतुकाने.

"दोघींचं तीन कर," कमल म्हणाली.

मी दोघींचं तीन केलं. सुरेखाचा तीन नीट आला नाही, म्हणून पुन्हा गिरवला.

केंद्र मुलुंडला गेलं. मी राहायला मुलुंडला, हे तोवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, ते आलं. "मुलुंडची ना ती, दूध मुलुंडला नेलं," असं डोंगरावर बोललं गेलं. मला ते कमलनेच सांगितलं, आणि वर म्हणाली, "मी सांगितलं त्यांना, ती दूध पितच नाही, काळा चहा पिते." हे खरं होतं. रोज सकाळी माझी बस त्या केंद्रावरून जायची. रांगेतली पोरं खरोखरच हडकुळी होती. मी बघितलं की बरं वाटायचं आणि लगेच डोंगर आठवायचा. दोन्ही एकदम वाटायचं, त्यातलं एक गेलं असं कधी झालं नाही.

महिन्याभराने मी काटा काढून न्यायला वर गेले. तो आता मुलुंडच्या केंद्राला लागणार होता. पातेलं परत गेलं होतं. चुना अजून पांढरा होता. मी स्टुलावर चढले तेवढ्यात सुरेखा येऊन झोळीत बसली.

"माझं कर."

"कर तिचं," कमल म्हणाली. "नाहीतर दिवसभर डोकं खाईल."

"किती भरलं?" सुरेखाने विचारलं.

"अकरा किलो दोनशे."

ती खूश झाली. कमल झाली नाही. "मागच्या वेळी किती होतं गं?"

"तेवढंच."

"दोन महिने झाले."

"हो."

"याचा रकाना आहे का तुझ्या फॉर्मात?"

मी नाही म्हटलं. वाढ ही बाब पाहणीच्या कक्षेत येत नव्हती. मी काटा पिशवीत भरला आणि उतरले. तिने पाणी विचारलं, मी घेतलं नाही, आणि ते मला अजून सलतं.

दोन वर्षांनी ट्रस्टने आणखी एक केंद्र काढायचं ठरवलं, या वेळी घाटकोपरला. अटी बदलल्या होत्या. दूध फक्त पाच पूर्ण न झालेल्यांना. फॉर्म भरायला मला पाठवलं. मी कमलकडे सर्वांत शेवटी गेले. सुरेखा उंबऱ्यावर पाटी घेऊन बसली होती. पहिलीत गेली होती. उंच झाली होती, पण मनगटं तशीच, काडीसारखी.

"नाव सुरेखा," मी लिहिलं. "वय?"

कमल माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पाच पुरी झाली गं. सहावं लागलंय. तुला माहीत आहे." आणि भाकरी उलटायला आत गेली.

मला माहीत होतं. संप कधी सुरू झाला ते सगळ्या मुंबईला माहीत होतं. चालू वर्ष कोणतं, पूर्ण कोणतं, सीमा कुठे पडते, हे तोवर माझ्याइतकं कोणालाच पाठ नसेल. मी तो फॉर्म मांडीवर घेऊन बराच वेळ बसले. नोकरीत माझ्या हातून चुका पुष्कळ झाल्या, पण जाणूनबुजून खोटा आकडा मी एकदाच लिहिला. मी चार लिहिलं. कमलला सांगितलं नाही. तिने मला ते खोडायला लावलं असतं.

सोमवारी साने साहेब फॉर्म तपासत होते. सुरेखाच्या फॉर्मापाशी थांबले. दोन वर्षांपूर्वीची खाडाखोड, चारचं तीन, त्यांनीच तारीख घालून सही करून घेतली होती, नावासकट. तीन आणि दोन किती ते त्यांना येत होतं. मी टेबलासमोर उभी होते आणि खालून गिरणीचा आवाज येत होता. ते विचारतील म्हणून मी वाट बघत होते.

त्यांनी शर्टावरचं पीठ झटकलं, सही केली आणि पुढचा फॉर्म घेतला.